पंडिता रमाबाई आणि त्र्यैक्याचे सत्य

पेंटेकॉस्टनंतरचा पहिला रविवार आपल्या पुष्कळ मंडळ्यांत त्र्यैक्याचा रविवार म्हणून पाळला जातो. त्या दिवशी उपदेशकाला व शब्बाथ शाळेच्या शिक्षकाला मोठा अवघड विषय हाती घ्यावा लागतो. नाताळचा धडा सांगताना गव्हाणी दाखवता येते, पुनरुत्थानाचा धडा सांगताना रिकामी कबर दाखवता येते. परंतु देव एकच आहे आणि तो पिता, पुत्र व पवित्र आत्मा आहे, हे सांगताना मुलांना दाखवावे काय?

आम्ही राहतो त्या मानपुरासारख्या गावी हा प्रश्न वर्गापुरता राहत नाही. मुंबई-आग्रा रस्त्यावरचे, इंदूर जिल्ह्यातले हे लहान गाव. घरात मराठी, बाजारात हिंदी. आमच्या मुलांना शाळेतले सोबती विचारतात की, तुमचे देव तीन आहेत काय? एखादा म्हणतो, म्हणजे आमच्या ब्रह्मा-विष्णु-महेशासारखेच झाले. दुसरा म्हणतो, तीन आहेत तर एक का म्हणता? मूल घरी येऊन आईबापांना विचारते. आईबाप शिक्षकाकडे पाठवतात, शिक्षक पाळकसाहेबांकडे. शेवटी त्याला एवढेच सांगितले जाते की, हे गूढ आहे, यावर प्रश्न करू नये.

हाच प्रश्न १८८५ साली एका मराठी विदुषीने इंग्लंडात बसून विचारला होता. तिलाही काहींनी सांगितले की प्रश्न करू नये. तिने ऐकले नाही, आणि प्रभूनेही तिला सोडले नाही. ती विदुषी म्हणजे पंडिता रमाबाई. केडगावच्या मुक्तिसदनाची संस्थापिका म्हणून त्यांना आपण सर्व जण ओळखतो. परंतु त्र्यैक्याचे सत्य त्यांच्या जीवनात कसे उतरले ही हकिगत फारशी सांगितली जात नाही. ती शिक्षकांच्या फार उपयोगी आहे असे वाटल्यावरून येथे देत आहोत.

एका देवाचा शोध

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतील गंगामूळ येथील अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान होते. स्त्रियांना संस्कृत शिकवू नये असा तो काळ. तरी त्यांनी आपली पत्नी लक्ष्मीबाई हिला शिकवले, आणि पुढे आईने रमेला शिकवले. पुराणे सांगत, तीर्थयात्रा करीत हे कुटुंब देशभर फिरे. दक्षिणेत दुष्काळ पडला तेव्हा या कुटुंबाने व्रते केली, उपास केले, होते नव्हते ते देवस्थानांना वाहिले. आईवडील गेले, बहीणही गेली. रमाबाई व त्यांचे बंधू श्रीनिवास एवढीच दोघे उरली, आणि ज्या देवतांना हाका मारल्या त्यांच्यावरचा त्यांचा विश्वास उडाला.

१८७८ साली ही भावंडे पायी फिरत फिरत कलकत्त्यास पोहोचली. तेथील पंडितांनी रमाबाईंची परीक्षा घेऊन त्यांना पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. केशवचंद्र सेन आदी ब्राह्मसमाजी मंडळींच्या सहवासात त्यांना एकाच निराकार देवाची शिकवण मिळाली. अनेक देवांतून निराश होऊन बाहेर पडलेल्या मनाला ही शिकवण गोड वाटली यात नवल नाही. १८८० साली बंधू वारले. त्याच वर्षी त्यांनी सिल्चरचे वकील बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी विवाह केला. पतीच्या पुस्तकांत त्यांना लूककृत शुभवर्तमानाची बंगाली प्रत सापडली, आणि एका बाप्तिस्त मिशनऱ्याने त्यांना उत्पत्तीच्या पुस्तकातील कथा समजावून सांगितल्या. सृष्टी निर्माण करणारा एक जिवंत देव आहे, एवढे त्यांच्या मनात पक्के बसले. १८८१ साली कन्या मनोरमा जन्मली, आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पती पटकीने वारले. तेवीस वर्षांची विधवा, कडेवर मूल, आणि मागे कोणी नाही, अशा स्थितीत त्या पुण्यास आल्या.

पुण्यात त्यांनी आर्य महिला समाज स्थापिला. मिस हर्फर्ड यांच्याजवळ त्या इंग्रजी व नवा करार शिकू लागल्या. पंचहौद येथील वाँटेज भगिनींशीही त्यांची ओळख झाली. वैद्यकी शिकावी म्हणून १८८३ साली त्या मनोरमेसह इंग्लंडला निघाल्या. आपण ख्रिस्ती होणार नाही असे त्यांनी निघताना स्पष्ट सांगितले होते.

तीन नावांनी बाप्तिस्मा

इंग्लंडात वाँटेज गावी त्या भगिनींच्या मठात राहिल्या. भगिनींनी त्यांना लंडनजवळ फुलहॅम येथे नेले. वाट चुकलेल्या स्त्रियांना तेथे आश्रय मिळे, आणि त्यांना कोणी तुच्छ लेखीत नसे. हे प्रेम कोठून आले असे रमाबाईंनी विचारले. तेव्हा त्यांना योहानाच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय वाचून दाखवण्यात आला. विहिरीवर आलेल्या शोमरोनी स्त्रीशी प्रभू येशू बोलतो ती ही कथा. हिंदुस्थानातील स्त्रियांना उचलू शकेल असा कोणी असेल तर तो हाच, असे त्यांना त्या दिवशी वाटले.

शिक्षकांनी हा अध्याय पुन्हा उघडून पाहावा. पित्याची उपासना आत्म्याने व खरेपणाने करावी हे त्यात आहे, आणि ते सांगणारा ख्रिस्त स्वतः त्या स्त्रीसमोर बसलेला आहे. पिता, पुत्र व आत्मा यांविषयीचे बोलणे विहिरीच्या काठावर, पाणी भरायला आलेल्या एका बाईशी चालले आहे. रमाबाई ज्या दाराने आत आल्या ते दार हे होते.

मनात शंका होत्या. त्या दूर करण्याचे पुष्कळसे काम फादर नीलकंठ नहेम्या गोऱ्हे यांच्या लेखनाने केले. गोऱ्हे हे काशीत वाढलेले चित्पावन पंडित. ख्रिस्ती मताचे खंडन करण्यासाठी त्यांनी आधी संस्कृतात ग्रंथ लिहिला, आणि पुढे १८४८ साली जौनपूर येथे बाप्तिस्मा घेतला. आमच्या इंदुरातही त्यांनी काही काळ सेवा केली. त्यांनाही आयुष्यभर शंकांनी छळले, आणि आयुष्यभर ते प्रार्थनेने त्यांना तोंड देत राहिले. ब्राह्मसमाजी लोक ज्या एका पवित्र व प्रेमळ देवाविषयी बोलतात, ती ओळख त्यांना मुळात ख्रिस्ती धर्मातूनच मिळाली आहे, असे गोऱ्हे यांचे प्रतिपादन होते. रमाबाईंना ते पटले. २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे त्यांचा व मनोरमेचा बाप्तिस्मा पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावाने झाला. भगिनी जेराल्डीन या त्यांच्या धर्ममाता झाल्या.

नावे तीन उच्चारली गेली. पण त्या तिन्ही नावांचा अर्थ त्या दिवशी त्यांना उमगला होता असे नाही.

धर्ममातेशी वाद

वैद्यकीचा बेत बहिरेपणामुळे सोडावा लागला. चेल्टनहॅमच्या स्त्रियांच्या महाविद्यालयात त्या शिकू लागल्या व संस्कृतही शिकवू लागल्या. तेथे प्रार्थनापुस्तक व मतांगीकार त्यांनी बारकाईने वाचले, आणि १८८५ साली वादाला तोंड फुटले. अथनेसियसच्या नावाने चालत आलेला मतांगीकार आपणास मान्य करता येत नाही, असे त्यांनी भगिनी जेराल्डीन यांना कळवले. ख्रिस्त हा देवाचा पुत्र व तारणारा आहे असे त्या मानीत. परंतु तो पित्याच्या बरोबरीचा देव आहे हे आपणास पवित्र शास्त्रात दिसत नाही असे त्यांचे म्हणणे होते. मोठ्या कष्टाने अनेक देव सोडून एका देवाकडे आलेल्या जिवाला पुन्हा तीन हा शब्द ऐकून धास्ती वाटली, तर त्यात आश्चर्य ते काय?

जेराल्डीन यांना हा गर्व वाटला. बाप्तिस्मा घेतलेल्या मुलीने मंडळीची शिकवण नम्रपणे घ्यावी, तिची परीक्षा करू नये, अशी त्यांची समजूत. रमाबाईंचे उत्तर असे की, स्वदेशातील भटाभिक्षुकांचे जू मानेवरून नुकतेच उतरवले असता दुसरे जू आपण घेणार नाही. देवाचे वचन सांगेल तेवढे मानू. मनोरमेच्या धर्मशिक्षणावरूनही दोघींत मतभेद झाले. महाविद्यालयाच्या प्रमुख मिस डोरोथिया बील यांनी मात्र वेगळी रीत धरली. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी प्रश्न ऐकून घेतले, पत्रांतून उत्तरे दिली, आणि या बाईंना विचार करायला वेळ द्यावा असे इतरांना सांगितले.

जेराल्डीन यांच्याविषयी एक गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाणे अन्यायाचे होईल. हा सारा पत्रव्यवहार त्यांनीच जपून ठेवला. त्यांना दुखावणारी पत्रेही त्यांनी फाडली नाहीत. तो पत्रसंग्रह १९७७ साली मुंबईत छापून प्रसिद्ध झाला, म्हणूनच आज आपण या वादाविषयी बोलू शकतो. त्यांचे प्रेम खरे होते; उणीव होती ती धीराची. कित्येक शिक्षकांचे असेच होते.

१८८६ साली आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी रमाबाई अमेरिकेस गेल्या. त्यांच्या कार्यास मदत करण्यासाठी १८८७ साली बॉस्टन येथे जी संस्था निघाली, तिचे अध्यक्ष एडवर्ड एव्हरेट हेल हे त्र्यैक्य न मानणाऱ्या एकेश्वरवादी पंथाचे उपदेशक होते. रमाबाईही आता त्याच पंथात जाणार असे कोणास वाटले असल्यास नवल नव्हते. पण त्या गेल्या नाहीत. त्यांचा शोध अजून संपला नव्हता.

पुत्राची ओळख

११ मार्च १८८९ रोजी मुंबईस शारदा सदन उघडले, आणि पुढल्या वर्षी ते पुण्यास नेण्यात आले. बालविधवांचे शिक्षण सुरू झाले. बाहेरून पाहणाऱ्याला वाटले असते की या बाईंना आता काय कमी आहे? पण स्वतः रमाबाईंनी पुढे आपल्या साक्षीत कबूल केले आहे की, ख्रिस्ती धर्म आपणास मिळाला होता, खुद्द ख्रिस्त मिळाला नव्हता. विल्यम हॅस्लम नावाच्या एका इंग्रज पाळकाचे आत्मवृत्त त्यांच्या वाचनात आले. हा पाळक कित्येक वर्षे उपदेश करीत असून स्वतः तारणाच्या अनुभवाला पारखा होता. ते वाचून रमाबाईंनी आपले हृदय तपासले. १८९१ साली, बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी, वधस्तंभी खिळलेला ख्रिस्त हाच आपला तारणारा आहे असे त्यांनी स्वीकारले.

येथे थोडे थांबून विचार करू. १८८५ साली प्रश्न होता तो पुत्र पित्याच्या बरोबरीचा आहे की नाही हा. १८९१ साली त्या पापी म्हणून पुत्राच्या पायांशी आल्या आणि त्यांना पापांची क्षमा मिळाली. आता क्षमा करण्याचा अधिकार देवावाचून कोणाला आहे? कफर्णहूमात पक्षघाती मनुष्याला बरे केले त्या वेळी शास्त्र्यांनी मनात हाच विचार केला होता (मार्क २). ख्रिस्ताजवळ देवाची क्षमा मिळते, तर ख्रिस्ताच्या ठायी देवच भेटतो. पंडितेच्या युक्तिवादाला जे दार उघडले नाही, ते गरजू जिवाला उघडले असे आम्हांस दिसते.

या साक्षीची किंमतही त्यांना द्यावी लागली. सदनातील मुली त्यांच्या प्रार्थनेस बसू लागल्या, तेव्हा १८९३ साली पुण्यात गदारोळ उठला. न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून निघाले, आणि पालकांनी पुष्कळ मुली काढून नेल्या. रमाबाई डगमगल्या नाहीत.

पवित्र आत्म्याचे सामर्थ्य

तिसरे नाव अजून राहिले होते. पवित्र आत्मा हा विश्वासणाऱ्याच्या अंतर्यामी राहतो हे आपणास पुरतेपणी ठाऊक नव्हते, असे त्या सांगत. १८९४-९५ च्या सुमारास त्यांनी याविषयी शास्त्रात शोध केला, आणि लोणावळ्याच्या प्रार्थनासभांत त्यांना नवा आनंद लाभला. १८९६ साली मध्य प्रांतात दुष्काळ पडला. बालपणीच्या दुष्काळाची आठवण असलेल्या रमाबाई स्वतः तेथे गेल्या आणि शेकडो उपाशी मुली व स्त्रिया घेऊन आल्या. केडगावच्या माळावर मुक्तिसदन उभे राहिले. १९०० साली गुजरातच्या दुष्काळातील मुलींचीही त्यात भर पडली.

१९०५ च्या आरंभी रमाबाईंनी पवित्र आत्म्याच्या वर्षावासाठी रोज प्रार्थना करण्यास स्त्रियांना बोलावले. प्रथम सत्तर एक जमल्या, पुढे ही संख्या पाचशेंवर गेली. जूनच्या अखेरीस मुक्तीत जागृती झाली. मुली आपली पापे पदरी घेऊन रडू लागल्या, क्षमा मागू लागल्या, आणि नंतर गाऊ लागल्या. पुढे त्यांच्या टोळ्या आसपासच्या गावांत सुवार्ता सांगण्यास गेल्या. बाहेरच्या काहींना हा गलबला रुचला नाही. रमाबाईंनी मात्र या मुलींना त्यांच्या रीतीने प्रार्थना करू दिली. आपले प्रश्न मोकळेपणी विचारू न दिल्याचे दुःख ज्यांनी भोगले होते, त्यांनी आपल्या मुलींचे तोंड दाबले नाही.

आयुष्याची अखेरची वर्षे त्यांनी पवित्र शास्त्राच्या मराठी भाषांतराला दिली. त्यासाठी त्या इब्री व ग्रीक शिकल्या. प्रचलित भाषांतरातील जड संस्कृत शब्द खेड्यातल्या बाईला कळत नाहीत, आणि काही शब्दांना जुन्या तत्त्वज्ञानाचा वास येतो, म्हणून सोपी मराठी त्यांनी पत्करली. छपाईचे काम मुक्तीच्या छापखान्यात तेथील स्त्रियांनीच केले. शास्त्रात लिहिले असेल तेवढे मानीन, असे जिने तरुणपणी म्हटले, तिने म्हातारपणी ते शास्त्र मूळ भाषांतून अक्षर-अक्षर लावून काढले, यात आम्हांस मोठी सुसंगती दिसते. १९२१ च्या जुलैत मनोरमा वारली. रमाबाईंनी भाषांतर पुरे केले, आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्या प्रभूकडे गेल्या.

मंडळीची वाट तीच

आता सारे एकत्र पाहू. प्रथम एक देव, मग पुत्र, मग पवित्र आत्मा, या क्रमाने रमाबाईंना देवाची ओळख झाली. मंडळीच्या इतिहासाचा क्रमही हाच आहे. देव एकच आहे हा विश्वास पहिल्या शिष्यांना इस्राएलाकडून मिळाला होता. त्याच यहूदी लोकांनी येशूला प्रभू म्हणून नमन केले. आरियस नावाच्या वडिलाने पुत्र हा निर्माण केलेला आहे असे शिकवले, तेव्हा ३२५ साली निकिया येथे मंडळीने ठरवले की पुत्र हा पित्याशी एकतत्त्व आहे. पवित्र आत्म्याविषयीची कबुली ३८१ साली कॉन्स्टँटिनोपल येथे पूर्ण झाली. म्हणजे प्रभूच्या पुनरुत्थानापासून साडेतीनशे वर्षे मंडळी या सत्याला शब्द शोधीत होती. मंडळीला जेथे साडेतीनशे वर्षे लागली, तेथे एका पंडितेला दहाबारा वर्षे लागली म्हणून तिला अविश्वासी म्हणू नये. आणि आपल्या वर्गातल्या दहा वर्षांच्या मुलाला एका रविवारात ते समजावे अशी अपेक्षाही करू नये.

शिक्षकांस दोन शब्द

पहिली गोष्ट, दृष्टांत जपून वापरावेत. पाणी, बर्फ व वाफ यांचा दृष्टांत सर्रास दिला जातो; परंतु तेच पाणी एका वेळी बर्फ होते व दुसऱ्या वेळी वाफ होते. त्यावरून मूल असे समजते की एकच देव तीन सोंगे घेतो. सबेल्लियसने तिसऱ्या शतकात असेच शिकवले, आणि मंडळीने ते नाकारले. त्यापेक्षा यार्देनेवरचा प्रसंग सांगावा (मत्तय ३). पुत्र पाण्यातून वर येत आहे, आत्मा उतरत आहे, पित्याची वाणी होत आहे, आणि हे सारे एकाच वेळी.

दुसरी गोष्ट, त्रिमूर्तीची तुलना निघाल्यास शेजाऱ्याच्या श्रद्धेची थट्टा करू नये. एवढेच सांगावे की, तेथे उत्पत्ती, पालन व संहार ही कामे तिघांत वाटलेली आहेत. आपण मानतो तो देव आपली कामे वाटून घेत नाही. पिता तारण करू इच्छितो, पुत्र ते साधतो, आत्मा ते आपल्या हृदयाला लावतो. काम एक, देव एक, प्रेम एक.

तिसरी व मुख्य गोष्ट, प्रश्न विचारणाऱ्या मुलाला गप्प बसवू नये. कदाचित त्या बाकावर एखादी रमा बसलेली असेल. मिस बील यांच्याप्रमाणे तिचे ऐकून घ्यावे, ठाऊक असेल ते सांगावे, आणि उरलेले तिला प्रार्थनेत देवापुढे मांडू द्यावे. तिला पित्याजवळ नेणारा पुत्र जिवंत आहे, आणि तिच्या मनाशी बोलणारा पवित्र आत्मा तिच्या शिक्षकापेक्षा अधिक धीराचा आहे.

पिता, पुत्र व पवित्र आत्मा या एकाच देवाला सर्वकाळ गौरव असो. आमेन.